गुरुवारची गोळी

"शालनताई, तुम्ही फक्त बघायचं. पोरांनी विहिरीत उडी मारली तरी बघायचं. कोणी आधी मारली, किती वाजता मारली आणि मारण्याआधी एकमेकांना विचारलं होतं का, एवढंच लिहायचं. बोलायचं मात्र नाही."

डॉक्टर बेलवलकरांनी हे हसत हसत सांगितलं, पण माझ्याकडून शब्द घेतला. मी "बरं" म्हणाले. एकदा शब्द दिला की माझ्या लेखी तो नेमच. माळ जपायची तशी तोही पाळायचा.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा नर्सिंग कॉलेजात शिकवत होते. आमच्या संस्थेनं त्या वर्षी डॉक्टर बेलवलकरांच्या हाताखाली एक नवं काम काढलं होतं. डॉक्टरकीचा एक, नर्सिंगचा एक आणि फार्मसीचा एक असे तीन विद्यार्थी मिळून एक गट करायचा आणि त्याला खेड्यातलं एक घर द्यायचं. लागोपाठ तीन गुरुवार तिथं जायचं. तिसऱ्या गुरुवारी तिघांनी मिळून त्या घरच्या पेशंटसाठी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एकच पत्र लिहायचं, तिघांच्या सह्यांनी. गुण कुणा एकाच्या हुशारीला नव्हते. तिघं एकमेकांकडून काय शिकले, त्याला होते. परीक्षक म्हणून मी सोबत जायचं आणि तोंड उघडायचं नाही. उघडलं तर त्या गटाचे तिन्ही आठवडे रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर तिघांचे परीक्षेचे अर्ज अडकलेले.

माझ्या गटाला बोरजाईवाडीच्या हौसाआजी लोंढे मिळाल्या होत्या. वय अडुसष्ट. नवरा गेलेला, मुलगी सासरी, घरात एकट्या. चार वर्षांपासून साखरेचा आजार.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी साडेदहाला आम्ही त्यांच्या सोप्यात बसलो होतो. निनाद पाठारे, आमचा होणारा डॉक्टर, आजींचं बोट टोचून यंत्राकडे बघत होता.

"दोनशे शहाऐंशी," तो म्हणाला. "गेल्या गुरुवारी दोनशे सत्तर. त्याच्या आधी दोनशे नव्वद. आजी, गोळी चुकवता का हो?"

"देवाची आण बाबा. जेवून उठले की पैली गोळी. गोळी घेतल्याबिगर खरकटं काढत न्हाई मी."

"एकही दिवस चुकवत नाही?"

"एकदा सांगितलं न्हवं? का आता बेलभंडार उचलू?"

रुक्साना शिकलगार त्यांच्या पायाशी बसली होती. ती माझीच विद्यार्थिनी. आजींचे तळपाय हातात घेऊन कुठं भेग, कुठं जखम आहे का ते बघत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "खरं बोलतायत त्या."

"हे तुला पायावरनं कळलं होय?" निनाद म्हणाला.

कोनाड्यापाशी फार्मसीचा दिगंबर माळवदे गोळ्यांची पाकिटं उघडून बसला होता. हा मुलगा बोलायचा कमी. बोलला तरी शर्टाच्या बटणाशी बोलतोय असं वाटायचं.

"अठ्ठावीस दिवसांपूर्वी तीस दिल्या होत्या," तो बटणाला म्हणाला. "दोन उरायला पाहिजेत. सोळा आहेत."

"आलं मोजणी खातं!" निनाद हसला. "अरे, आधीची पट्टी असेल त्यात. आरोग्य केंद्रात जुन्या-नव्या सगळ्या एकत्रच देतात."

दिगंबरनं पट्टी उलटीसुलटी करून बघितली आणि गप्प झाला. मी निरीक्षणाच्या तक्त्यावर वेळ लिहिली. चुलीपाशी झाकून ठेवलेली कढई आणि कोनाड्यातल्या त्या सोळा गोळ्या, दोन्ही मला बसल्या जागेवरून दिसत होत्या. त्याच क्षणी मला सगळा प्रकार उमगला. आजी खोटं बोलत नव्हत्या आणि दिगंबरही मोजण्यात चुकला नव्हता. हे मला इतक्या खात्रीनं कसं ठाऊक होतं, ते पुढं येईलच. पण मी तोंड मिटून बसले. शब्द दिला होता.

दुपारी उपकेंद्राच्या व्हरांड्यात डबे उघडले. चातुर्मास चालू होता. चातुर्मासात मी खाताना मौन पाळते. म्हणजे त्या दिवशी माझ्या तोंडाला दोन कुलपं होती, एक डॉक्टर बेलवलकरांचं आणि एक देवाचं. समोर वरीचा भात घेऊन मी खाली मान घालून बसले होते आणि निनाद पत्र लिहीत होता.

"साखर तीन वेळा तपासली, तिन्ही वेळा जास्त. रुक्साना म्हणते गोळी चुकत नाही. म्हणजे आहे ती गोळी पुरत नाही. दुप्पट करावी अशी शिफारस." त्यानं कागद फिरवला. "करा सह्या. तीनला गाडी आहे, जाता जाता पत्र आरोग्य केंद्रात देऊ. उद्या सकाळी वाडीतल्या आशाताई नवी गोळी घरपोच करतील."

दिगंबरनं सही केली. केली म्हणजे पेन टेकवलं, थांबला, मग केली.

उद्या शुक्रवार. उद्या आजी भाकरी खातील, दुप्पट गोळी घेतील आणि साखर एकदम खाली येईल. घरात दुसरं माणूस नाही. चक्कर येऊन चुलीपाशी पडल्या तर कुणाला कळणार? मी मनाशी ठरवलं की तिघांच्या सह्या झाल्या तर आरोग्य केंद्राच्या दारात मी बोलणार. पोरांचे तीन आठवडे गेले तर जाऊ देत, माझा शब्दही जाऊ दे. ठरवलं आणि दत्ताचं नाव घेतलं. पण तिसरी सही व्हायची होती. मी रुक्सानाच्या हाताकडे बघत राहिले.

रुक्सानानं पेन उचललं नाही.

"दिगंबर," ती म्हणाली, "तू मोजण्यात चुकतोस कधी?"

दिगंबरनं मान हलवली. नाही.

"आणि ती पट्टी जुनी होती?"

"नाही," तो म्हणाला. "मी नंतर बॅच नंबर बघितला. सगळ्या एकाच वेळी दिलेल्या आहेत."

"अरे मग बोलला का नाहीस?" निनाद ओरडला.

"तू मोजणी खातं म्हणालास."

उपकेंद्राच्या आवारात एक शेळी कढीपत्त्याचं रोप खात होती, तिला कोणी हाकललं नाही.

"म्हणजे म्हातारी खोटं बोलते," शेवटी निनाद म्हणाला. "सोपं आहे."

"नाही बोलत."

"रुक्साना, एक तर गोळ्या बरोबर आहेत, नाही तर आजी. दोन्ही खरं असू शकत नाही. हे गणित आहे."

"मग गणित चुकतंय कुठं तरी. मी एकदा जाऊन विचारून येते."

"काय विचारणार? तीन आठवडे तेच तर विचारतोय!"

"ते जाऊन कळेल ना. सही मी तिथनं आल्यावर करीन."

दिगंबर काही न बोलता उठला आणि चपला घालू लागला. निनादनं घड्याळाकडे बघितलं, मग दोघांकडे, मग माझ्याकडे. मी वरी खात होते.

"चला," तो म्हणाला. "एका सहीसाठी अख्खी वरात!"

मी डबा बंद केला आणि तक्त्यावर लिहिलं, एक वाजून पंचवीस मिनिटं.

हौसाआजी उंबऱ्यात बसून ताटलीतली उकडलेली रताळी सोलून खात होत्या. आम्हाला बघून त्यांनी ताटली पुढं केली.

"आलासा परत? घ्या रताळं. ग्वाड हाय."

रताळं बघून निनादनं कपाळाला हात लावला. रुक्साना आजींच्या शेजारी उंबऱ्याखाली टेकली आणि सोललेलं रताळं हातात घेऊन तिनं विचारलं, "आजी, आजची गोळी घेतली का?"

"आज? आज कशी घीन?"

"का?"

"आज जेवान कुठं हाय? डाक्तरच म्हनले, जेवल्यावर घ्यायची. पाकिटावर बी तसंच लिवलंय म्हनं."

"मग हे काय? जेवताय की."

"ह्यो फराळ हाय गं."

"फराळ म्हणजे जेवणच ना?"

आजींनी रताळं ताटलीत ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले. "ऐका हिचं! अगं बया, फराळ आन जेवान येकच झालं तर मग उपास कशाला म्हनायचा? सकाळी शाबू खाल्ला, आता रताळं. अन्नाचा कण न्हाई पोटात. तुमच्यात न्हाई व्हय उपास?"

"आमच्यात रोजे. दिवसभर पाणीही नाही. पण सांजेला सोडला की जे खातो ते जेवणच."

"ते तुमचं येगळं. आमचं येगळं."

"आजी," रुक्सानाचा आवाज एकदम हळू झाला, "असे उपास किती करता?"

आजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सोमवार महादेवाचा. बेस्तरवार दत्ताचा. शनवार मारुतीचा. दोन एकादशी, येक चतुर्थी. श्रावणात शुक्करवार बी करत हुते, पर तुमच्या डाक्तरनं सांगितलं, जास्ती उपास करू नगा, म्हनून सोडला."

दिगंबर भिंतीला टेकून आकाशाकडे बघत ओठ हलवत होता. "चौदा," तो म्हणाला. यावेळी बटणाला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एक एकादशी सोमवारीच आली होती. अठ्ठावीस दिवसांत उपास चौदा. चौदा गोळ्या घेतल्या, चौदा राहिल्या, वरच्या दोन. सोळा."

"आणि आपण तिन्ही वेळा गुरुवारीच आलो," निनाद म्हणाला. तो अंगणातच उभा होता. "तिन्ही वेळा उपासाच्या दिवशी, शाबू खाल्ल्यावर, गोळी न घेतलेल्या साखरेचा आकडा घेतला आणि मी गोळीच दुप्पट..." तो तिथंच खाली बसला. "माझी आई सोमवार करते. फराळाला जेवण म्हटलं तर आमच्या घरीही भांडण होईल. मला माहीत होतं हे, रुक्साना. मला विचारायचं सुचलंच नाही."

"मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं," ती म्हणाली.

निनादनं जुनं पत्र फाडलं. उंबऱ्यावर कागद ठेवून नवीन लिहायला घेतलं. यावेळी तो एक वाक्य लिहायचा आणि दोघांना वाचून दाखवायचा. गोळी आहे तीच ठेवावी. पाकिटावरचा 'जेवणानंतर' हा शब्द खोडावा. दिगंबर म्हणाला, त्याच्या जागी 'रोज सकाळी, काहीही खाल्ल्यावर' असं लिही. रुक्साना म्हणाली, कंसात 'फराळ धरून' घाल. निनादनं घातलं. साखर पुन्हा तपासायची ती एकदा उपासाच्या आणि एकदा साध्या दिवशी, हे त्याचं स्वतःचं. तिघांच्या सह्या झाल्या तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी वेळ लिहिली आणि माझे खांदे खाली आले. सकाळपासून ते वर ओढलेले होते हे मला तेव्हा कळलं.

"आजी, आता ही गोळी घ्या," रुक्सानानं तांब्या पुढं केला. "यापुढं फराळ झाला तरी घ्यायची."

"आन उपास मोडला मंजी?"

"गोळीनं उपास मोडत नाही," निनाद म्हणाला.

"तुला काय ठावं? गोळीत काय काय घालत्यात."

आणि इथं दिगंबर, देव त्याचं भलं करो, खरं बोलला. "औषध थोडंसंच असतं. बाकी स्टार्च. म्हणजे मक्याचं पीठ."

"मका?" आजी ताडकन उठल्या. "मका चालत न्हाई उपासाला! येवढ्या वर्साचा बेस्तरवार, आन तुमी मला मका चारताय?"

रुक्सानानं दिगंबरच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. आजींनी गोळीची पट्टी कोनाड्यात टाकली आणि वळून थेट माझ्यासमोर आल्या. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी निरखली.

"बाई, तुमी नेमाधर्माच्या दिसताय. तीन बेस्तरवार बघतीय, हितं पानी बी घेत न्हाई तुमी. तुमी सांगा. गोळीनं उपास मोडतो का न्हाई?"

"आजी, त्यांना विचारू नका," निनाद घाईनं म्हणाला. "त्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे."

"का? मुक्या हाईत व्हय?"

मी पोरांकडे बघितलं. तिघंही श्वास रोखून उभी होती. सगळं बरोबर ओळखलं होतं त्यांनी, पत्र झालं होतं, सह्या झाल्या होत्या. आता मी एक शब्द काढला की ते सगळं पाण्यात जाण्याची भीती. आणि नाही काढला तर पत्र नुसतं पत्रच राहणार, गोळी कोनाड्यातच.

"मोडत नाही, आजी," मी म्हणाले.

रुक्सानानं डोळे मिटले.

"देहाचं औषध आहे ते. देव त्याला उपासात धरत नाही."

आजींनी मान हलवली, पण त्यांची नजर हलली नाही. "मंजी तुमी बी घेता? तुमच्या वयाला काय तरी असंल की. बीपी, साखर. आज घेतली गोळी?"

हाच तो प्रश्न, ज्याला मी सकाळपासून घाबरत होते.

एकोणीस वर्षं मी नर्सिंग शिकवत होते. औषध वेळेवर घेण्याचं महत्त्व या विषयावर दर वर्षी माझं एक तासाचं व्याख्यान असायचं. रुक्सानानं ते मागच्याच वर्षी पहिल्या बाकावर बसून लिहून घेतलं होतं. आणि तीन वर्षांपासून माझ्या स्वतःच्या रक्तदाबाच्या पाकिटावर कंपाउंडरनं लिहिलेलं होतं, 'जेवणानंतर'. माझा सोमवार, माझा गुरुवार, माझी एकादशी. त्या दिवशी माझ्या घरात जेवण होत नसे. माझ्याही कपाटात गोळ्या उरत होत्या आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. हौसाआजींची शाबूची कढई आणि पट्टी बघताक्षणी सगळं उमगलं ते याचमुळं. मी शब्दाला बांधलेली होते हे खरं, पण दिवसभर गप्प बसणं मला सोपं गेलं, त्याचं दुसरंही कारण होतं.

"नाही घेतली," मी म्हणाले. "मला बीपीची आहे. उपासाला मीही घेत नाही. तुमच्यासारखंच. आजपर्यंत."

निनादच्या तोंडून "मॅडम!" असं निघून गेलं. रुक्साना माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. आजींच्या तळपायाकडे बघत होती तसंच बघत होती, कुठं दुखतंय ते शोधत.

आजी मात्र खळखळून हसल्या. "आगं बया! मास्तरीण बी माझ्याच वर्गातली निघाली की!" त्या कोनाड्याशी गेल्या, पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली. "ही घ्या, तुमच्या शबुदावर घेतली." तांब्या तोंडाला लावून त्या घटाघटा पाणी प्यायल्या. "पर फुडल्या बेस्तरवारी हितं यायचं, माझ्या म्होरं फराळ करायचा आन माझ्या म्होरं तुमची गोळी घ्यायची. येशीला?"

"येईन."

"लेकरं न्हाई आली तरी?"

"मी एकटी येईन."

परतीच्या गाडीत, आरोग्य केंद्रात पत्र देऊन झाल्यावर निनादनं मागं वळून विचारलं, "मॅडम, आमचे तीन आठवडे गेले का?"

"मी जे झालं ते सगळं लिहिणार आहे," मी सांगितलं. "मी बोलले, तेही."

"लिहा," रुक्साना म्हणाली. "पुन्हा करू. दिगंबरला फक्त मका म्हणू द्यायचं नाही."

दिगंबर पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. त्याचं हसू इतकं मोठं असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी तक्ता घेऊन डॉक्टर बेलवलकरांपुढं उभी राहिले. त्यांनी चष्मा वर करून एका चौकोनावर बोट ठेवलं.

"'समस्या कोणी ओळखली.' इथं एक नाव लिहायचं असतं, शालनताई. तुम्ही तिन्ही लिहिलीत."

"एकाकडे साखरेचे आकडे होते, एकाकडे गोळ्यांची मोजणी, एकीकडे आजींचा शब्द. तिन्ही एका उंबऱ्यावर आले तेव्हा कळलं. एकाचं नाव लिहिलं तर खोटं होईल."

"हं." त्यांनी पान उलटलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. 'परीक्षक बोलली.' "सह्या आधी झाल्या होत्या?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी. मी बोलले ती नंतर. आणि पोरांशी नाही, आजींशी." मग मी काय बोलले तेही सांगितलं. माझ्या गोळ्यांचं सांगताना मान खाली गेली, पण सांगितलं.

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले.

"म्हणजे त्या घरात पेशंट दोन होते," ते म्हणाले, "आणि माझ्या हुशार पोरांना एकच सापडला. गुण कापायला हवेत."

मी घाबरून वर बघितलं. ते हसत होते. तक्त्यावर त्यांनी 'उत्तीर्ण' असं लिहिलं, तिघांच्या नावांपुढं एकच लांब कंस करून. मग टेबलाच्या खणातून रक्तदाबाचं यंत्र काढून त्याचा पट्टा उलगडला.

"हात पुढं करा. आणि आता बोललात तरी चालेल."

रक्तदाब जास्तच निघाला. ते चिडले नाहीत. नवीन चिठ्ठी लिहिली आणि 'जेवणानंतर' असं लिहिता लिहिता थांबून त्यांनी मलाच विचारलं, "काय लिहू?"

पुढच्या गुरुवारी कॉलेजची गाडी नव्हती. पोरांचं तिथलं काम संपलं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कारण 'घरगुती' असं लिहिलं. पहाटे माळ झाली, दत्ताला नैवेद्य झाला. एका डब्यात भगर, छोट्या डब्यात दाण्याची आमटी भरली. मग थोडी जास्त भरली, आजींच्या वाटणीची.

"कुठं निघालीस?" आतून ह्यांनी विचारलं.

"जरा जाऊन येते."

गोळ्यांची पट्टी रुमालात बांधली, पदर खोचला आणि बोरजाईवाडीची पावणेदहाची एसटी धरायला स्टँडकडे चालू लागले.